‘प्लेस्टेशन भारी की एक्सबॉक्स?’ : तुलनात्मक अभ्यास म्हणजे नुसता तक्ता नव्हे

तुमच्या सिनॉप्सिसच्या शीर्षकात ‘तुलनात्मक अभ्यास’ हे शब्द आहेत का? असतील तर हा लेख तुमच्यासाठीच आहे. आपल्याकडे पीएच.डी. करायची ठरवलं की पहिलं शीर्षक बहुतेक वेळा असंच सुचतं: अमुक आणि तमुक यांचा तुलनात्मक अभ्यास, विशेष संदर्भ बारामती व इंदापूर तालुका. शीर्षक ऐकायला भारदस्त वाटतं, पण मुलाखतीत समितीतले सर एकच प्रश्न विचारतात, ‘तुलना कशासाठी?’ आणि तिथे गाडी अडते.

याचं उत्तर पुस्तकी व्याख्येतून देण्याऐवजी एक सोपं उदाहरण घेऊ. व्हिडिओ गेमचे कन्सोल. ‘पीएस घ्यावा की एक्सबॉक्स?’ हा वाद होस्टेलवर तुम्ही ऐकला असेलच. हा वाद संशोधनात कसा बदलायचा, ते आज पायरीपायरीने बघू. तुमचा विषय साखर कारखाने असो, ठिबक सिंचन असो की मराठी कादंबरी, पायऱ्या याच आहेत.

पहिला मसुदा: तक्ता

समजा, तुम्ही कामाला लागलात. पहिल्या आठवड्यात काय कराल? तक्ता. मीही माझ्या पहिल्या मसुद्यात हेच केलं होतं. विषय वेगळा होता, पण बावीस ओळींचा तक्ता होता आणि मला तो फार आवडला होता.

कन्सोलचा तक्ता साधारण असा होईल. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरिज एक्स, दोन्हींमध्ये एएमडीचा झेन २ प्रोसेसर आणि १६ जीबी मेमरी. ग्राफिक्सची ताकद एक्सबॉक्सची सुमारे १२ टेराफ्लॉप्स, प्लेस्टेशनची सुमारे १०.३. उलट एसएसडीचा वेग प्लेस्टेशनचा सेकंदाला ५.५ जीबी, एक्सबॉक्सचा २.४ जीबी. साठवण सुरुवातीच्या मॉडेलांत एकीकडे ८२५ जीबी होती, दुसरीकडे १ टीबी. मनोरंजनाच्या बाजूला बघायचं तर डिस्कवाला प्लेस्टेशन ५ आणि सीरिज एक्स दोन्हींवर फोर-के ब्लू-रे चालतात. एक्सबॉक्सवर स्ट्रीमिंगसाठी डॉल्बी व्हिजन आहे, प्लेस्टेशन ५ वर नाही. साधी गाण्यांची सीडी एक्सबॉक्स सीरिज एक्सवर वाजते, प्लेस्टेशन ५ वर वाजत नाही.

यातली सगळी माहिती बरोबर आहे. आता प्रश्न: यात संशोधन कुठे आहे?

कुठेच नाही. ही माहिती कंपन्यांनी आधीच छापलेली आहे. तुम्ही ती एका पानावर आणलीत, एवढंच. अशा तक्त्याच्या खाली ‘यावरून असे दिसून येते की दोन्हींचे फायदे-तोटे आहेत’ असा निष्कर्ष येतो. तो कोणत्याही दोन गोष्टींबद्दल खरा असतो. जो निष्कर्ष अभ्यास न करताही लिहिता आला असता, त्यासाठी तीन-चार वर्षं घालवू नका.

पायरी १: तुलना कोणाच्या प्रश्नासाठी?

तक्त्यातला प्रत्येक आकडा कोणासाठी तरी महत्त्वाचा असतो आणि कोणासाठी तरी निरर्थक. म्हणून आधी माणूस उभा करा. तीन काल्पनिक माणसं घेऊ.

पहिला, बारामतीत खोली घेऊन राहणारा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. दुसरं, इंदापूर तालुक्यात वस्तीवर राहणारं एक कुटुंब, घरात आधीच स्मार्ट टीव्ही आहे. तिसरा, इंदापूरच्या बसस्थानकाजवळ गेम पार्लर काढू पाहणारा तरुण.

आता ‘गेम डाउनलोड करून घ्यायचा’ ही एकच सुविधा तिघांच्या बाजूने तपासा. आजकाल मोठा गेम १०० जीबीच्या घरात जातो. ब्रॉडबँडचा खरा वेग ५० एमबीपीएस मिळाला तर १०० जीबीला सुमारे साडेचार तास लागतात. २० एमबीपीएस मिळाला तर अकरा तास. आणि वस्तीवर ब्रॉडबँड नसेल, मोबाईलच्या रोजच्या दीड जीबीवर भागवायचं असेल, तर एक गेम उतरवायला ६७ दिवस! म्हणजे ज्या कन्सोलला डिस्क घालायची सोयच नाही, तो विद्यार्थ्याला स्वस्त पडेल आणि वस्तीवरच्या कुटुंबाला निरुपयोगी ठरेल. यंत्र तेच, सुविधा तीच, निष्कर्ष उलटा.

दुसरं उदाहरण विजेचं. हे कुठल्याच जाहिरातीच्या तक्त्यात नसतं. प्लेस्टेशन ५ वर जड गेम खेळताना साधारण २०० वॅट वीज लागते. एक्सबॉक्स सीरिज एस हा लहान भाऊ साधारण ७५ ते ८० वॅटमध्ये भागवतो. टीव्हीचे १०० वॅट धरा. घरच्या इन्व्हर्टरला १५० एएचची बॅटरी असेल तर कागदावर १८०० वॅट-तास होतात. प्लेस्टेशनवर सहा तास, सीरिज एसवर दहा तास. प्रत्यक्षात दोन्ही आकडे बरेच कमी येतील, कारण पंखा आणि दिवेही त्याच बॅटरीवर असतात, पण फरकाची दिशा तीच राहील. लाईट जाते तिथे हा फरक टेराफ्लॉप्सपेक्षा मोठा आहे.

थोडक्यात, तुलनेचे निकष तुमच्या क्षेत्रातून यायला हवेत, कंपनीच्या माहितीपत्रकातून नव्हे. ‘विशेष संदर्भ बारामती व इंदापूर’ या शब्दांचा खरा अर्थ हाच. तिथल्या परिस्थितीमुळे निकष बदलत नसतील तर शीर्षकातून तालुक्यांची नावं काढून टाका.

पायरी २: तुलनेचं एकक

‘एक्सबॉक्स’ म्हणजे नक्की काय? १० नोव्हेंबर २०२० ला भारतात एकाच दिवशी दोन एक्सबॉक्स आले. सीरिज एक्स ४९,९९० रुपयांना आणि सीरिज एस ३४,९९० रुपयांना. सीरिज एसला डिस्क ड्राइव्ह नाही, म्हणजे ब्लू-रे नाही आणि जुन्या डिस्कही नाहीत. ग्राफिक्सची ताकद ४ टेराफ्लॉप्स, म्हणजे सीरिज एक्सच्या एक तृतीयांश. प्लेस्टेशन ५ इथे २ फेब्रुवारी २०२१ ला आला, डिस्कवाला ४९,९९० रुपयांना.

आता कोणी ३४,९९० च्या सीरिज एसशी ४९,९९० च्या प्लेस्टेशनची तुलना करून ‘प्लेस्टेशन सरस’ म्हणाला, तर त्याने फक्त पंधरा हजार रुपयांचा फरक मोजला. एकतर किंमत सारखी धरा आणि सुविधा मोजा, नाहीतर सुविधा सारख्या धरा आणि किंमत मोजा. दोन्ही एकदम सुटे सोडले की फरक कशामुळे पडला ते सांगता येत नाही.

काळाचं एककही ठरवावं लागतं. जगभर कन्सोलच्या ‘पिढ्या’ मोजतात. प्लेस्टेशन २ ही २००० सालची पिढी, प्लेस्टेशन ३ ही २००६ ची. पण भारतात? २००९ मध्ये, म्हणजे प्लेस्टेशन ३ येऊन गेल्यावर, सोनीने खास भारतासाठी ‘हनुमान : बॉय वॉरियर’ आणि कबड्डी, विटीदांडू यांसारख्या खेळांचा ‘देसी अड्डा’ हे गेम आणले ते प्लेस्टेशन २ साठी. नऊ वर्षं जुनं यंत्र इथे चालू वर्तमानकाळात होतं. त्यामुळे अमेरिकेतल्या पिढीची चौकट उचलून इथे लावली तर तुमचा कालखंडच चुकेल. हे शेती यंत्रांनाही लागू आहे, औषधांनाही आणि वाङ्मयीन प्रवाहांनाही.

पायरी ३: ‘आहे’, ‘वापरता येतं’ आणि ‘वापरतात’

‘मनोरंजनाच्या सुविधा’ हा शब्द शीर्षकात छान दिसतो, पण मोजायचा कसा? इथे कार्यात्मक व्याख्या लागते, म्हणजे ‘या अभ्यासात अमुक शब्दाचा अर्थ तमुक मोजमाप’ असं आधीच लिहून ठेवणं.

मी तीन थर करायला सांगेन. पहिला, सुविधा यंत्रात आहे का? दुसरा, या घरात ती वापरता येते का? तिसरा, घरातली माणसं ती खरंच वापरतात का?

डॉल्बी व्हिजनचं बघा. पहिल्या थरात एक्सबॉक्स जिंकला. दुसऱ्या थरात टीव्हीलाही डॉल्बी व्हिजन हवं, स्ट्रीमिंगचा त्या दर्जाचा प्लॅन हवा आणि इंटरनेटही हवं. तिसऱ्या थरात कळतं की घरात सिनेमा थेट स्मार्ट टीव्हीवरच लावतात, कन्सोल चालूच करत नाहीत. म्हणजे त्या घरापुरती ही सुविधा शून्य. फोर-के ब्लू-रेचंही तेच. डिस्क चालते खरी, पण ती डिस्क विकत कुठे मिळते? पार्लरवाल्याला तर सिनेमाशी देणंघेणंच नाही. त्याला हवेत दोन धड कंट्रोलर आणि दोघांनी मिळून खेळायचे फुटबॉलचे, मारामारीचे गेम.

बहुतेक कच्चे अभ्यास पहिल्या थरावर थांबतात. ‘गावात योजना उपलब्ध आहे’ आणि ‘गावात योजनेचा लाभ घेतला जातो’ यातला फरक तुम्ही जाणताच. इथेही तोच फरक आहे.

पायरी ४: कारण सांगण्याची घाई

आता सगळ्यात निसरडी जागा. ‘अ मध्ये ही गोष्ट होती, म्हणून अ यशस्वी झाला.’

प्लेस्टेशन २ ची गोष्ट अशीच सांगतात. ४ मार्च २००० ला तो जपानमध्ये आला. त्यात डीव्हीडी सिनेमा चालायचा आणि तेव्हा डीव्हीडी प्लेअर महाग होते. त्याच्या आधीच्या सेगा ड्रीमकास्टवर डीव्हीडी चालत नव्हती. निन्टेन्डोच्या गेमक्यूबची डिस्क तर छोटी, आठ सेंटिमीटरची. मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्सवर डीव्हीडी बघायला रिमोटचा वेगळा संच घ्यावा लागे. निकाल काय? प्लेस्टेशन २ सुमारे १६ कोटी, एक्सबॉक्स सुमारे २.४ कोटी, गेमक्यूब २.१७ कोटी. म्हणून डीव्हीडीमुळे सोनी जिंकली. बरोबर?

थांबा. प्लेस्टेशन २ वर पहिल्या प्लेस्टेशनचे गेम चालत होते. एक्सबॉक्स आणि गेमक्यूब २००१ मध्ये आले, म्हणजे त्याला दीड वर्षाची आघाडी मिळाली. गेमची संख्याही प्रचंड होती आणि तो एक तपाहून जास्त काळ बनत राहिला. डीव्हीडी हे या सगळ्यातलं एक कारण. एकाच विजेत्याकडे बघून या कारणांची फोड करता येत नाही.

मग काय करायचं? तेच गृहीतक पुढच्या पिढीवर तपासायचं. २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ ब्लू-रे घेऊन आला. एक्सबॉक्स ३६० ला बाहेरून जोडायचा एचडी डीव्हीडीचा ड्राइव्ह आला. आणि निन्टेन्डो वी? डीव्हीडी सिनेमा नाही, एचडी चित्रही नाही. ‘मनोरंजनाच्या सुविधा जास्त, तर खप जास्त’ हे खरं असतं तर वी शेवटचा यायला हवा होता. प्रत्यक्षात वी १०.१६ कोटी विकला गेला, प्लेस्टेशन ३ सुमारे ८.७ कोटी आणि एक्सबॉक्स ३६० सुमारे ८.४ कोटी. गृहीतक पडलं.

पण अजून एक वळण आहे. फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने एचडी डीव्हीडी गुंडाळलं आणि ब्लू-रे टिकला. घराघरांत प्लेस्टेशन ३ च्या रूपाने पोचलेले ब्लू-रे प्लेअर हे त्यातलं एक महत्त्वाचं कारण मानलं जातं. म्हणजे ‘सिनेमामुळे कन्सोल खपला का?’ या प्रश्नाचं उत्तर नाही असं आलं, तरी ‘कन्सोलमुळे सिनेमाची डिस्क टिकली का?’ या उलट प्रश्नाला बळ मिळालं. बाण उलटा फिरवून बघायची सवय लावून घ्या.

तिसरी कसोटी २०१३ ची. एक्सबॉक्स वनची पहिली ओळख करून देताना मायक्रोसॉफ्टने टीव्हीवर भर दिला. सेट-टॉप बॉक्स थेट कन्सोलला जोडता यायचा. पुढे प्लेस्टेशन ४ त्याच्या बराच पुढे निघून गेला. पण इथेही लगेच निष्कर्ष काढू नका. एक्सबॉक्स वन सोबत किनेक्ट कॅमेरा सक्तीचा होता आणि अमेरिकेतली किंमत ४९९ डॉलर, प्लेस्टेशन ४ ची ३९९. पुन्हा किंमत मध्ये आली.

जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ मध्ये ‘अ सिस्टिम ऑफ लॉजिक’ या ग्रंथात हे मांडून ठेवलंय. दोन प्रसंग बाकी सगळ्या बाबतीत सारखे असतील, फक्त एका गोष्टीत वेगळे असतील आणि परिणाम वेगळा दिसला, तर त्या एका गोष्टीकडे बोट दाखवता येतं. प्रत्यक्षात इतके सारखे प्रसंग क्वचितच मिळतात. म्हणून आपण ते शोधतो, आणि मिळाले नाहीत तर काय काय वेगळं होतं ते प्रामाणिकपणे लिहितो.

पायरी ५: आकडा कोणी मोजला?

वर मी कोटींचे आकडे बिनधास्त दिले. तुम्ही विचारायला हवं होतं: ‘विकले’ म्हणजे काय? कंपन्या बरेचदा कारखान्यातून दुकानांकडे पाठवलेले नग सांगतात. ग्राहकाने घरी नेलेले नग वेगळे असतात. शिवाय २०१५ नंतर मायक्रोसॉफ्टने कन्सोलच्या नगांची विक्री जाहीर करणंच थांबवलं. म्हणजे त्यानंतरच्या तुलनेत एका बाजूला कंपनीचा आकडा आणि दुसऱ्या बाजूला अंदाज. असे दोन आकडे एकाच स्तंभात शेजारी लिहू नका. लिहायचेच असतील तर एकाला ‘जाहीर’ आणि दुसऱ्याला ‘अंदाजित’ असं स्पष्ट म्हणा.

पायरी ६: बारामती आणि इंदापूर, दोन्ही का?

‘मी तिथला आहे’ हे जाण्यायेण्याच्या सोयीचं कारण आहे, संशोधनाचं नाही. पण कारण सापडू शकतं. दोन्ही तालुके एकाच जिल्ह्यात, शेजारी शेजारी, नीरेच्या खोऱ्यातले, उसाचे आणि साखर कारखान्यांचे. म्हणजे बरंच काही सारखं. फरक काय? बारामतीत विद्या प्रतिष्ठानसारख्या संस्था आणि एमआयडीसी असल्यामुळे बाहेरून येऊन खोलीवर राहणारी तरुण मुलं एका शहरात गोळा होतात. इंदापूर तालुका मात्र पुणे-सोलापूर महामार्ग, भिगवण, वालचंदनगर आणि उजनीच्या पाणलोटाकाठची गावं असा पसरलेला. मग गृहीतक असं होऊ शकतं: खोलीवर राहणाऱ्यांत कन्सोल सामायिक वापरला जातो आणि गेमपुरताच राहतो, कुटुंबात तो टीव्हीच्या वेळेशी भांडतो. आता दोन तालुके घेण्याला अर्थ आला. मिलचीच पद्धत आहे ही, बाकी सारखं आणि एक गोष्ट वेगळी.

नमुना निवडताना फक्त पार्लरमध्ये जाऊन बसू नका. तिथे घरी कन्सोल असलेला भेटणार नाही, सोडून दिलेला भेटणार नाही, आणि तिथे येणाऱ्यांत मुली किती असतील याचाही विचार करा.

आणि आता सगळ्यात गंभीर मुद्दा. पार्लरमध्ये बरीच मुलं शाळकरी असतात, काही घरी न सांगता येतात. १८ वर्षांखालच्या मुलाकडून माहिती घ्यायची तर पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही हवेत. पण पालकांकडे संमतीपत्र घेऊन गेलात की ‘तुमचा मुलगा पार्लरमध्ये येतो’ हे तुम्हीच घरी कळवलंत. तुमचा एक प्रश्न भरून होईल आणि त्याला घरी मार बसेल. ‘माहिती गोपनीय ठेवली जाईल’ हे वाक्य तिथे काही कामाचं नाही, कारण गोपनीयता संमतीच्या पायरीवरच फुटली.

मार्ग आहे. १८ वर्षांवरच्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांना त्यांच्या शाळेतल्या दिवसांबद्दल विचारा. यात आठवणीची चूक येणार, माणसं तासांचा हिशोब चुकवतात. ती मर्यादा म्हणून लिहा. थोडा कच्चा आकडा चालेल, पण आपल्यामुळे कुणाच्या घरात भांडण नको. संस्थेच्या नीती समितीपुढे जाण्याआधी हा विचार तुम्ही स्वतः केलेला असला पाहिजे.

शीर्षक पुन्हा लिहूया

सुरुवातीचं शीर्षक होतं, ‘प्लेस्टेशन व एक्सबॉक्स यांच्या सुविधांचा तुलनात्मक अभ्यास : विशेष संदर्भ बारामती व इंदापूर’. आता ते असं होईल: ‘सामायिक खोलीत आणि कुटुंबात राहणाऱ्या तरुणांचा गेम कन्सोलचा गेमेतर वापर : बारामती शहर व इंदापूर तालुक्यातील १८ ते २५ वयोगटाचा अभ्यास’. बघा, ‘तुलनात्मक’ हा शब्दच गेला, तरी तुलना पहिल्यापेक्षा पक्की झाली. आणि कन्सोलच्या कंपन्यांची नावंही गेली, कारण तुलना यंत्रांची नव्हतीच, राहणीमानाची होती. हे कळायला सहा पायऱ्या लागल्या.

आज रात्री एवढंच करा. तुमचं शीर्षक एका कागदावर लिहा आणि खाली पाच प्रश्नांची एकेक ओळ उत्तर द्या. कोणासाठी? एकक कोणतं? मोजणार कसं? दुसरं कारण काय असू शकतं? माझ्या प्रश्नामुळे कोणाला त्रास होईल? एखाद्या ओळीशी अडलात तर घाबरू नका. सिनॉप्सिसवर काम तिथूनच सुरू करायचंय.